वहीतले नाव



बाप्तिस्म्याच्या तयारीला आलेल्या एका तरुण वडिलांनी मला विचारले, "फादर, जन्मदाखल्यावर पोराचं नाव वेगळं आहे. शाळेतही तेच लागणार. मग 'फ्रान्सिस' कशाला? ते तुमच्या वहीतच राहणार ना?" प्रश्न प्रामाणिक होता. मला लगेच उत्तर सुचले नाही.

असिसीच्या संत फ्रान्सिसचे बाप्तिस्म्याचे नाव योहान होते. फ्रान्सला व्यापारासाठी जाणाऱ्या कापडव्यापारी बापाने त्याला फ्रान्सिस म्हटले. नाव हौसेचे! पण मुलाने दौलत सोडली, कुष्ठरोग्यांना जवळ केले. १२२६ साली तो वारला, तेव्हा ते नाव गरिबांचे झाले होते.

संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले. घंटा वाजवत रस्त्याने फिरून ते मुलांना धर्मशिक्षणाला बोलावत. चीनला जायची त्यांची फार इच्छा. पण १५५२ साली किनाऱ्याजवळच्या बेटावरच, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांनी प्राण सोडला.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली आपल्या शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धर्मगुरू म्हणून काहींनी विरोध केला, तरी ते आले. मराठीला 'सुबोध बायबल' देऊन २०२४ साली ते देवाघरी गेले.

२०१३ साली पोपपदी निवड होताच शेजारी बसलेले मित्र म्हणाले, गरिबांना विसरू नका. तेव्हा कार्डिनल बेर्गोलिओंनी असिसीकरांचे नाव घेतले. आधीच्या एकाही पोपने ते घेतले नव्हते. २१ एप्रिल २०२५ रोजी निधन होईपर्यंत त्यांनी ते सांभाळले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही वाद घालत असू: नाव ही नुसती खूण, की त्यात काही सत्त्व असते? आज वाटते, नाव हे रिकामे भांडे आहे. एकजण ते आपल्या जगण्याने भरतो आणि पुढच्याच्या हाती देतो. असिसीकरांनी भरले नसते, तर पोपमहाशयांनी काय घेतले असते?

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे प्रभू येशू सांगतो. तुमचे बाप्तिस्म्याचे नाव कोणाचे, हे तुमच्या मुलांना ठाऊक आहे का? आज जेवताना त्या संताची गोष्ट घरात सांगा.

त्या बाळाचा बाप्तिस्मा पुढच्या रविवारी आहे. नाव वहीत मी लिहीन. ते वहीबाहेर आणायचे काम त्याच्या आई-वडिलांचे, आणि आपल्या सर्वांचे.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.

– तुमचे फादर