कारीरी, इस्तिस्का आणि कोरडा हिवाळा

काश्मीरच्या खोऱ्यात २१ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या ४० दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. या काळात पडलेले बर्फ गोठून डोंगरांवर टिकते आणि उन्हाळ्यात सावकाश वितळून झेलमला, भातशेतीला व सफरचंदांच्या बागांना पाणी पुरवते. म्हणून २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार उघडे राहिले, तेव्हा ती केवळ पर्यटनाची हानी नव्हती. भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या ज्या वादळी प्रणालींना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात, त्यांपैकी प्रबळ अशा फारशा खोऱ्यापर्यंत पोहोचल्या नाहीत आणि हवामानाचे अंदाज कोरडेच राहिले. त्याच दिवसांत ‘नमाज-ए-इस्तिस्का’, म्हणजे पर्जन्यासाठीची सामुदायिक प्रार्थना, अदा केली गेली. कारण ज्ञात असताना याचना कशासाठी, असा प्रश्न यातून उभा राहतो.

या भूमीला तो सर्वस्वी नवा नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेले नैयायिक जयंत भट्ट यांनी ‘न्यायमंजरी’त ‘कारीरी’ या वृष्टीसाठी करावयाच्या वैदिक इष्टीचा विचार केला आहे. स्वर्गासाठी केलेल्या यागाचे फळ मरणोत्तर असल्याने ते कोणाला पडताळता येत नाही. कारीरीचे फळ मात्र डोळ्यांदेखत मिळायला हवे, आणि म्हणूनच ती वेदप्रामाण्याची अवघड कसोटी ठरते. विधी विफल झाल्यास कर्म, कर्ता किंवा साधन यांत काही वैगुण्य राहिले असावे, असे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाचे, म्हणजे न्यायसूत्रांचे, उत्तर आहे. ते अभेद्य आहे खरे, परंतु हीच त्याची उणीव मानली पाहिजे, कारण विधी खोटा ठरण्याची वाटच त्यात उरत नाही.

इस्तिस्काची घडण निराळी आहे. समुदाय साध्या वेशात, शक्यतो मोकळ्या मैदानात जमतो, क्षमा मागतो, आणि स्थिती पालटावी या इच्छेचे चिन्ह म्हणून इमाम अंगावरचे वस्त्र उलटे करतो; येथे मागणे आहे, हमी नाही. कोरडा अंदाज खरा मानल्यामुळेच शेतकरी तेथे येतो, त्यामुळे विज्ञानाशी त्याचे भांडण असण्याचे कारण नाही. मात्र क्षमायाचनेवरून अवर्षण ही त्या शेतकऱ्याच्याच पापाची शिक्षा होय असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे, कारण ज्या तापमानवाढीने हिमालयातील बर्फ घटत आहे, तिच्यात त्याचा वाटा नगण्य आहे.

जानेवारीच्या अखेरीस बर्फ पडले. कारीरीच्या मापाने याचना सफल झाली असे म्हणता येईल. परंतु चिल्लई कलान सरताना पडलेले बर्फ फार काळ टिकत नसल्याने, फळ मिळाले की हुकले हे त्या मापालाही नीट ठरवता येत नाही.