मिस्त्रीचा नकार

2024 साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं, आणि कागलकडच्या एका पोरीने बापाकडे हट्ट धरला. ऊसबिल जमा झालं तशी बापाने तिला हवेच्या सिलिंडरची नवी एअर रायफल घेऊन दिली.

पण नेम बसेना. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. हिचे पेलेट कधी सातात, कधी पाचात. स्पर्धा तोंडावर आलेली. बापाने रायफल उचलली आणि हत्यारं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीने दस्त्याचे बोल्ट आवळले, नळी पुसली, तीन वेगळ्या बनावटीचे पेलेट मागवले. मग माणसाचा हातच नको म्हणून रायफल व्हाइसमध्ये धरून कार्डांवर पाच-पाच पेलेट झाडले. तरी भोकं विखुरलेलीच. “पोरीचा हात चांगला आहे,” तो म्हणाला. भिंगातून पाहिलं तर नळीच्या तोंडाशी धातूची बारीक बर राहिलेली. पेलेट सुटताना हवा एका अंगाने निसटे आणि त्याला बाजूला ढकले.

“मग घासा की,” बाप म्हणाला. “किती घ्याल ते घ्या.”

“पावणं, अर्ध्या तासाचं काम आहे. पण माझी कानस लागली की वॉरंटी गेली. उद्या नळीत आणखी काही निघालं तर कुणाला विचारणार?” त्याने कंपनीकडे पाठवायला कार्डं आणि बिल एकत्र बांधून दिलं, वर रायफलचा नंबर लिहिला. पैसे फक्त पेलेटचे घेतले.

स्पर्धेत पोरगी क्लबच्या जुन्या रायफलवर खेळली, पदक हुकलं. पुढे कंपनीने नळी बदलून दिली. सोबत कारखान्यात झाडलेलं कार्ड होतं, पाचही पेलेट एकाच भोकात.

वॉरंटी संपल्यावर सिलिंडरचं सील गळू लागलं. बाप कंपनीला पत्र लिहायला बसला, तर पोरगी म्हणाली, “आबा, आता मिस्त्रीकडेच चला.” त्याने संध्याकाळपर्यंत सील बदललं आणि या वेळी मजुरी मोजून घेतली.

तात्पर्य : नव्या वस्तूतला दोष ज्याचा त्याच्याच पदरात घालावा, झिजेचं काम जवळच्या कारागिराला द्यावं. आणि समोर पैसा असताना ‘इथे मी हात लावणार नाही’ म्हणणारा कारागीर भेटला, तर त्याला कधी सोडू नये.