खेळ थांबविण्याचा अधिकार

लासूर स्टेशनच्या आसपासच्या खेड्यांत कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतावर जाते, आणि घरी राहणारे लेकरू शांत बसावे म्हणून मोबाईल त्याच्या हाती देते. ते विहिरीकडे गेले नाही, रुळांवर गेले नाही, एवढ्यानेच तिचे मन निश्चिंत होते. तिला दोष देण्यास मी धजणार नाही. परंतु सायंकाळी बाप तेच यंत्र हिसकावून घेतो व मुलास व्यसनी म्हणतो. जी वस्तू आपण आपल्या सोयीसाठी दिली, ती आपल्या रागाच्या भरात काढून घेण्याचा अधिकार आपणांस कोठून आला? मुलगा हे तोंडाने विचारीत नसला तरी त्याच्या मनात हा प्रश्न असतो, व तो न्याय्य आहे.

व्यसन हा शब्द जपून वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या यादीत व्हिडिओ खेळांच्या विकारास स्थान दिले, आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तथापि तिची कसोटी कडक आहे. खेळावर ताबा राहत नाही, इतर सर्व कामांहून खेळ वरचढ होतो, नुकसान दिसत असूनही तो सुटत नाही, आणि हे सामान्यतः बारा महिने चालते, तेव्हा तो विकार. अशा मुलास डॉक्टरांकडे न्यावे; मारू नये. सुटीत दोन तास खेळणारा मुलगा काही रोगी नव्हे.

कित्येकांस वाटते की, सरकारने बंदी घातली म्हणजे झाले. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीसह ११८ ॲपांवर बंदी आली. पुढल्याच वर्षी तो खेळ निराळे नाव घेऊन परतला. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांस मनाई केली, हे फार चांगले झाले. पण बिनपैशाचा खेळ रात्री किती वाजता थांबावा हे दिल्लीहून ठरत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने ते स्वतः ठरविले. कोविडच्या काळात शाळा मोबाईलवर भरल्या. पुढे शाळा उघडल्या तरी मोबाईल मुलांच्या हातून सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये असा नियम झाला की, सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद. पुरुष प्रथम हसले. बायकांनी मात्र, आम्हीही मालिकांपुढे फार बसतो, असे कबूल करून साथ दिली. ह्या कबुलीतच नियमाचे बळ आहे असे मला वाटते. भोंगा मुलासाठी वाजला, तसाच आईसाठी व बापासाठीही वाजला. त्यामुळे मुलास तो शिक्षा वाटण्याचे कारण उरले नाही. कोणी म्हणेल, बाप दिवसभर राबतो, त्याने घटकाभर करमणूक केली तर काय बिघडले? काहीच नाही. पण मग मुलगाही दिवसभर शाळेत बसून आलेला असतो, हे मान्य करावे लागेल.

शिवाय बापाने एकदा शेजारी बसून खेळ पाहावा. पबजीच्या एका डावात शंभरापर्यंत गडी उतरतात, चौघाचौघांची टोळी करता येते, डाव अर्ध्या तासाच्या आसपास चालतो, आणि मध्येच उठणारा सोबत्यांना उघड्यावर टाकून जातो. म्हणून ‘आत्ताच्या आत्ता ठेव’ ह्या हुकमास ‘थोडे थांबा, बाबा’ म्हणणारा मुलगा दर वेळी उद्धटच असतो असे नाही. कित्येकदा तो मित्रांना दिलेला शब्द पाळीत असतो. त्यास डाव मांडण्यापूर्वीच सांगावे की, हा शेवटचा. मग मात्र डाव संपताच मोबाईल फडताळात जावा, आणि बापाचाही त्याच फडताळात.