मातीचे डोळे, आपली नजर

भाविक हो, आपल्या वर्धा जिल्ह्यात पोळ्याला ज्यांच्या घरी बैलजोडी नाही, ते मातीचे बैल पूजतात. ते इवलेसे बैल घडताना मी जवळून पाहिले आहेत. धड, शिंगं, वशिंड भराभर होतं. डोळ्यापाशी मात्र हात थबकतो. खोबणीत मातीची बारीक गोळी, तिच्यावर पापणीची वळी, मग काडीच्या टोकानं बुबुळ. दोन्ही डोळे एका रेषेत नसले, तर बैल बावरल्यासारखा दिसतो. त्या घटकेला कारागिराला हाक मारा, त्याला ऐकूच येत नाही!

अवधूतांच्या 24 गुरूंत बाण घडवणारा असाच. जवळून राजाची स्वारी गेली, त्याला पत्ता नाही. अन् पहिला गुरू पृथ्वी, म्हणजे हीच माती.

आपण दत्तमूर्तीसमोर बसतो. तिचे सहा डोळे आपल्याकडे. आपले दोन मात्र दाराकडे, कोण आलं म्हणून! वयानं दृष्टी अधू होते, पण मन ठरवायला चष्मा लागत नाही. ह्या मार्गशीर्ष पौर्णिमेला घटकाभर तरी नजर ठरवून बसू या. आणि घरी नातू काही सांगायला आला, की त्याच्याकडेही तसंच पाहू या. तोही दत्तच.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!