खुराड्यातील अमानत



डिसेंबर उजाडला की आपल्या वसई-विरार परिसरात तुंगारेश्वराच्या डोंगराकडून पहाटेचा मतलई वारा सुटतो. फजरच्या नमाजसाठी निघालेला माणूस शाल घट्ट ओढून घेतो. त्याच वेळी परसातल्या खुराड्यात कोंबडा आरवतो. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कोंबड्याला शिव्याशाप देण्यास मनाई केली, कारण तो नमाजसाठी जागे करतो (अबू दाऊद). आपल्याला जागे करणाऱ्या या जिवाची रात्र कशी गेली, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

काही वर्षांपूर्वीचा माझ्याच घरचा प्रसंग सांगतो. थंडी वाढली म्हणून मी खुराडे चारही बाजूंनी प्लॅस्टिकने आवळून बांधले आणि दया केल्याच्या समाधानात झोपलो. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने प्लॅस्टिक दूर केले. आत उग्र वास कोंडला होता, तूस ओले झाले होते आणि सातपैकी चार पिल्ले गतप्राण झाली होती. आई एवढेच म्हणाली, "बेटा, ही थंडीने नाही, तुझ्या बंदोबस्ताने मेली."

त्या दिवशी मला ती हदीस आठवली, जी मी मदरशात कितीदा वाचली होती. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले. तिने त्याला खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-कीटक खाण्यासाठी सोडलेही नाही. त्यापायी ती नरकाग्नीस पात्र ठरली (बुखारी, मुस्लिम). येथे 'कोंडून ठेवले' या शब्दांवर थांबा. प्रत्येक जिवाची रोजी अल्लाहने आपल्याकडे घेतली आहे, हे पवित्र कुरआन सांगते. मोकळे पाखरू ती शोधून घेते, आडोसाही शोधते. परंतु आपण खुराड्याचे दार लावतो, तेव्हा त्या जिवाच्या शोधाची वाटच बंद करतो. त्या क्षणापासून त्याचे अन्न, पाणी आणि ऊब ही आपल्याकडे सोपवलेली अमानत ठरते.

आपले कोकणी मुस्लिम बांधव बहुतांशी शाफई पंथाचे आहेत. इमाम नववी (रह.) यांच्या 'मिन्हाज' या ग्रंथात पाळीव जनावराचे चारा-पाणी मालकावर बंधनकारक ठरवले आहे. तो ते देत नसेल, तर हलाल जनावराच्या बाबतीत त्याने ते विकावे, खाऊ घालावे किंवा जबह करावे, अशी सक्ती त्याच्यावर केली जाईल. उपाशी व कुडकुडत ठेवण्याचा चौथा मार्ग शरीअतने ठेवलेलाच नाही.

दयेला ज्ञानाची जोड हवी. मोठ्या कोंबडीचे शरीर सुमारे ४१ अंश सेल्सिअस उष्ण असते. पिसे कोरडी असतील तर आपल्याकडची थंडी ती सोसते. तिला घातक ठरतात ते ओल, अंगावर येणारा झोत आणि कोंडलेली हवा. म्हणून वाऱ्याची बाजू गोणपाटाने झाकावी, पण वरची फट मोकळी ठेवावी. खाली दोन-तीन इंच कोरडे तूस पसरावे, ते वरचेवर हलवावे आणि भिजले की बदलावे. आईविना वाढणाऱ्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते. ती बल्बने द्यावी, बंद जागेत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये, कारण तिचा धूर प्राण घेतो. संध्याकाळी मूठभर मका किंवा कणी जास्त घालावी. हिवाळ्यात दिवस लहान होतात, म्हणून अंडी घटतात. त्या रागाने दाणे कमी करणे हा जुलूम होय.

कोणी म्हणेल, "शेवटी कापायचीच आहे, मग एवढी काळजी कशाला?" प्रेषितांनी (स.) स्वतः कोंबडीचे मांस खाल्ले आहे (बुखारी). त्यांनीच सुरीला धार करण्याची आणि जबह करताना जनावराला आराम देण्याची आज्ञा दिली (मुस्लिम). ज्या जिवाच्या अखेरच्या क्षणाचाही हक्क आहे, त्याच्या आधीच्या दिवसांचा हक्क नसेल काय?

आणखी एक हक्क शेजाऱ्याचा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यात आणि पाठोपाठ आपल्या वसई-विरार परिसरात बर्ड फ्लू आढळला, हे आपण विसरलेलो नाही. मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्यावी. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर उरलेल्या घाईने बाजारात नेऊ नयेत, मेलेल्या नाल्यात टाकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. वरच्या कोरड्या धान्याखाली ओले धान्य झाकणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) फसवणुकीबद्दल खडसावले होते (मुस्लिम). मग रोग झाकून विकणाऱ्याचे काय होईल?

आज इशानंतर घरी परतताना क्षणभर खुराड्यापाशी थांबा. तूस हातात घेऊन पाहा. ते ओले लागले, तर झोपण्यापूर्वी बदला. माझ्या चार पिल्लांचा हिशेब मला द्यायचाच आहे. तुमच्यावर तशी वेळ न येवो.

अल्लाह आपल्या अंतःकरणात दया आणि त्या दयेला समज देवो. आमीन.