काहीच झालं नाही

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सासवडच्या अलीकडे एक पडीक रान आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथे रिमोटवरचं विमान उडवायला जातो. फोमचं, दीड मीटर पंखांचं. त्या दिवशी सोबत बारा वर्षांचा भाचा होता. विमान डोक्यावर धरून धावायचं आणि मी 'सोड' म्हटलं की सोडायचं, हे त्याचं काम.

पाचच्या सुमाराला पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. बांधावरून शेळ्या हाकत चाललेल्या एक आजी ओरडल्या, "आरं पोरांनो, ईज चमकाय लागलीया, घरला जावा!" मी नुसता हात हलवला. एक बॅटरी शिल्लक होती. वीज चमकली तसं मी मोजायला लागलो. पंधराव्या सेकंदाला गडगडलं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज पाच किलोमीटरवर. "लांब आहे रे," मी म्हणालो, "सोड."

आठ मिनिटं उडवलं, उतरवलं, गाडीत बसलो. मग वळीव कोसळला. काहीच झालं नाही.

नियम मला माहीत होता. चमक आणि गडगडाट यांच्यात तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. कारण पुढची वीज मागच्याच जागी पडेल असं नसतं. ढगापासून दहा किलोमीटरवर, पाऊस नसलेल्या ठिकाणीही ती पडते. रिमोट वीज ओढून घेत नाही. पण सपाट माळावर सगळ्यांत उंच वस्तू आपणच असतो. त्या दिवशी तर एक मुलगा हात वर करून उभा होता.

तरीही, काहीच झालं नाही तर माझं चुकलं काय?

1752 मध्ये बेंजामिन फ्रँकलिननं वादळात पतंग उडवल्याची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. सोबत त्याचा मुलगा होता, हे सहसा कुणी सांगत नाही. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये गेऑर्ग रिखमान छपरावरून घरात आणलेल्या तारेवर विजेचा अभ्यास करत होता, आणि तिथेच विजेनं त्याचा जीव घेतला. शेजारी एक चित्रकार होता, तो वाचला. दोघांचं कुतूहल एकच होतं. एकाचं नाव पाठ्यपुस्तकात धाडसासाठी आलं, दुसऱ्याचं इशारा म्हणून. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये याच कोड्याला 'मॉरल लक' म्हटलं. आपण माणसाला त्याच्या निर्णयावरून जोखतो असं म्हणतो, आणि प्रत्यक्षात जोखतो मात्र नशिबानं जे घडलं त्यावरून.

मित्र म्हणाला, "माळावर बाइकनं जातोस, त्यात जास्त धोका आहे." असेलही. पण धोका किती, एवढाच प्रश्न नसतो. तो टाळायला काय मोजावं लागतं आणि तो कुणाच्या डोक्यावर आहे, हेही बघावं लागतं. आजींना शेळ्या सोडून पळता येत नव्हतं. शेतमजुराला पेरणी सोडता येत नाही. आपल्याकडे विजेनं मरणाऱ्यांत असेच लोक जास्त असतात. मला फक्त एक बॅटरी पुढच्या रविवारी वापरायची होती. आणि भाच्यानं तर काहीच ठरवलं नव्हतं. मामा म्हणाला, म्हणून तो उभा राहिला.

फक्त माझा जीव पणाला लागला असता, तर मी कदाचित स्वतःला माफ केलं असतं. पण दुसऱ्याचा विश्वास हाताशी धरून घेतलेला धोका आपल्या हिशेबात धरता येत नाही, मग शेवट कितीही सुखरूप होवो.

हे सगळं मी बरेच महिने टाळत होतो. या मे महिन्यात त्याचा फोन आला. मैदानावरून, मागे पोरांचा गलका.

"मामा, पंधरापर्यंत मोजलं तर चालतं ना? आमची शेवटची ओव्हर आहे."

"नाही चालत. सगळ्यांना घेऊन आत जा. झाडाखाली नको, पक्क्या घरात."

"पण तेव्हा तर आपण..."

"तेव्हा माझं चुकलं होतं."

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "पण काहीच झालं नव्हतं की."