हाक ऐकली, पण उठलो का?

मननासाठी वाचन : योहान १०:१-१६, मत्तय ५:२१-२४



आमच्या बंगळुरूत एकेका गल्लीत चार-पाच भाषा सुखाने नांदतात. शेजारच्या कुत्र्याला त्याचे यजमान कन्नडमध्ये ‘बा’ म्हणतात, घरकामाच्या बाई तमिळमध्ये ‘वा’ म्हणतात आणि आम्ही फाटकाशी उभे राहून ‘ये रे’ म्हणतो. तो तिघांकडेही सारख्याच आनंदाने धावतो. आमच्या घरी मात्र मांजर आहे. ‘मने’ अशी हाक मारली की तिचा कान आमच्याकडे वळतो, शेपटीचे टोक किंचित हलते, आणि ती जागची उठत नाही.

या मुक्या प्राण्यांना आपले शब्द खरोखर कळतात काय? अलीकडच्या काळात शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा कसून शोध घेतला आहे. अमेरिकेतील निवृत्त मानसशास्त्र प्राध्यापक जॉन पिली यांनी आपल्या ‘चेसर’ नावाच्या कुत्रीला तीन वर्षे शिकवले. ती १,०२२ खेळण्यांची नावे ओळखून नेमके तेच खेळणे आणून देई. हा वृत्तांत २०११ साली प्रसिद्ध झाला. २०१६ साली हंगेरीतील बुडापेस्ट येथे आटिला आंदिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागृत कुत्र्यांच्या मेंदूचे चित्रण केले. कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा स्वर ही दोन्ही एकत्र आली, तरच मेंदूतील आनंदाचे केंद्र उद्दीपित होत असे. त्याच शहरातील २०२२ च्या एका अभ्यासात, रोजच्या कानावरची भाषा आणि परकी भाषा यांतील भेद कुत्र्यांचा मेंदू ओळखतो असे दिसून आले. चेसरसारखी उदाहरणे विरळाच; सामान्य कुत्र्याला थोडेच शब्द कळतात. परंतु जे कळतात त्यांवर तो उठतो.

आणि मांजर? जपानमधील आत्सुको साइतो यांनी २०१९ साली दाखवून दिले की, तशाच लांबीच्या इतर शब्दांतून मांजर आपले नाव वेगळे ओळखते. त्याआधी, २०१३ साली, ते आपल्या धन्याचा आवाजही ओळखते हे त्यांनी सिद्ध केले होते. मात्र मांजरांचा प्रतिसाद बहुधा कान व मान वळवण्यापुरताच असे. उठून येणारी थोडीच. म्हणजे आमच्या मनीला ऐकू येत नाही असे नाही. तिला सर्व ऐकू येते!

प्रिय वाचकहो, येथे मला माझ्या कामातील एक शब्द आठवतो. पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना ‘शामा’ हे इब्री क्रियापद वारंवार भेटते. त्याचा अर्थ ऐकणे असा होतो आणि आज्ञा पाळणे असाही होतो. आपल्या मराठीतही तसेच आहे. ‘मूल ऐकत नाही’ असे आई म्हणते, तेव्हा मूल बहिरे आहे असे तिला सुचवायचे नसते. योहानाच्या दहाव्या अध्यायात उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. ती त्याचा आवाज ओळखतात आणि त्याच्या मागे चालतात. ओळखणे आणि चालणे यांत प्रभू येशू अंतर ठेवीत नाही. यशया संदेष्टाही पहिल्याच अध्यायात (१:३) इस्राएल लोकांपुढे बैल आणि गाढव यांचा दाखला ठेवतो. जनावराला आपला धनी कळतो, पण देवाच्या प्रजेला कळत नाही, हे त्याचे दुःख आहे.

हे लिहिताना मी स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही. काही महिन्यांपूर्वी मत्तय ५:२४ च्या मसुद्यावर मी काम करीत होतो. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, अशी ती आज्ञा आहे. तेथील ग्रीक क्रियापद नव्या करारात त्या एकाच ठिकाणी आले आहे. ‘समेट करणे’ बरे की ‘भांडण मिटवणे’ बरे, यावर मी तीन दिवस घालवले. त्याच मेजाच्या खणात नगरहून आलेले माझ्या थोरल्या भावाचे पत्र अनुत्तरित पडले होते. घराच्या वाटणीवरून चार वर्षे आम्ही बोललो नव्हतो. क्रियापद मला तिन्ही भाषांत ठाऊक होते. ते माझ्याकडून घडले मात्र नव्हते. त्या संध्याकाळी मनीला हाक मारली, तिचा कान हलला, आणि मला माझेच दर्शन घडले.

मी रात्री फोन केला. शब्द जुळवून ठेवले होते, पण तोंडून केवळ “दादा” एवढेच निघाले. “बोल, बाळ,” तो म्हणाला. चार वर्षांनंतरही त्याने आवाज ओळखला. वाटणीचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही, पण आता आम्ही दोघे त्यावर बोलतो.

आपण कुत्र्याला संत ठरवू नये. तो बिस्किटासाठीही धावतो, आणि मांजर आपल्या स्वभावाप्रमाणेच वागते. त्यात तिचे पाप नाही. आपल्याला मात्र अर्थ कळतो, म्हणूनच आपला हिशेब निराळा आहे. ज्याला अधिक दिले गेले त्याच्याकडून अधिक मागितले जाईल, असे प्रभूने शिकवले आहे (लूक १२:४८). वर्षानुवर्षे उपासनेत वचन ऐकून आपला कान सरावतो. ओळखीचा अध्याय सुरू झाला की मान डोलते, ‘आमेन’ही म्हटले जाते, आणि आपण बाकावरून जसे आलो तसेच घरी जातो.

म्हणून या आठवड्यात नवे वचन शोधू नका. जे पूर्वीच कळले आहे, ज्यावर आपला कान कितीदा तरी वळला आहे, असे एकच वचन घ्या आणि त्यासाठी उठा. कदाचित ते पत्र असेल, कदाचित परत करायचे पैसे, कदाचित मागायची क्षमा.

हे प्रभो, तू आम्हांला नावाने हाक मारतोस. आमचे कान तू उघडले आहेस. आता आमची पावलेही उचल. आमेन.